सी मध्ये शेलसारखे पाइप आणि रिडायरेक्शन: जोडणं सोपं, क्लोज करणं हेच खरं काम

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला स्वतःचा छोटा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) लिहायला देतात ना, तो मी लिहिला तेव्हा साध्या कमांड मस्त चालायच्या, फाइलमध्ये आउटपुट पण जायचं, पण मध्ये | टाकला की प्रोग्राम नुसता बसून राहायचा. एरर नाही, क्रॅश नाही, काहीच नाही. रात्री दोन वाजेपर्यंत मी डुप२ च्या (म्हणजे जोडणी करणाऱ्या) ओळी खालीवर करत होतो आणि चूक त्या ओळींत नव्हतीच, एक क्लोज लिहायचं राहिलं होतं, आणि ते पण चाइल्डमध्ये (शेलने कमांडसाठी बनवलेल्या नकलेत) नाही, पॅरेंटमध्ये (मूळ शेलमध्ये). तेव्हापासून ज्युनिअर मुलं हा प्रोग्राम घेऊन आली की मी त्यांना पहिल्यांदा एवढंच विचारतो की बाबा क्लोज किती आहेत तुझ्या कोडमध्ये, मोजून सांग. दहातल्या बऱ्याच वेळा तिथंच सापडतं.

आपण पूर्ण लेखभर एकच कमांड डोळ्यासमोर ठेवू:

सॉर्ट < नावं.टीएक्सटी | युनिक | डब्ल्यूसी -एल > मोजणी.टीएक्सटी

म्हणजे नावांची फाइल सॉर्ट करायची, डुप्लिकेट काढायचे, उरलेल्या ओळी मोजायच्या आणि आकडा फाइलमध्ये ठेवायचा. एवढं तुमच्या सी प्रोग्रामने बॅशसारखं (लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलसारखं) करून दाखवलं की काम झालं.

आधी एफडी म्हणजे काय ते पक्कं करा, बँकेतली नाही, फाइल डिस्क्रिप्टर. प्रत्येक प्रोसेससाठी (चालू प्रोग्रामसाठी) कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, एक तक्ता ठेवलेला असतो, त्यात ०, १, २, ३ असे नंबर आणि प्रत्येक नंबरासमोर एक उघडी गोष्ट, ती फाइल असेल, टर्मिनल असेल, नाहीतर पाइपचं टोक. ० वरनं वाचायचं, १ वर लिहायचं, २ वर एरर टाकायच्या, हा सगळ्या युनिक्स प्रोग्रामांनी पाळलेला रिवाज आहे. सॉर्टला हे माहीतच नसतं की १ नंबरामागे टर्मिनल आहे का फाइल आहे का पाइप आहे, तो आपला १ वर लिहीत सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक्झेक (चालू प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम आणणारा कॉल) केल्यावर प्रोसेसचा कोड बदलतो, मेमरी बदलते, पण हा तक्ता तसाच राहतो. म्हणजे एक्झेकच्या आधी तुम्ही १ च्या मागची वस्तू बदलून ठेवलीत की पुढे येणारा प्रोग्राम निमूटपणे तिकडे लिहिणार. रिडायरेक्शन आणि पाइप दोन्हीचं रहस्य एवढंच आहे, बाकी सगळी हिशेबाची कामं.

म्हणूनच युनिक्समध्ये नवीन प्रोग्राम चालवायचा तर फोर्क आणि एक्झेक अशा दोन पायऱ्या आहेत. फोर्कने प्रोसेसची नक्कल होते, तक्त्यासकट, आणि ती नक्कल अजून तुमचाच कोड चालवत असते. चाइल्डमध्ये फोर्क ० परत देतो, पॅरेंटमध्ये चाइल्डचा पिड (प्रोसेसचा नंबर) देतो, जमलं नाही तर -१. चाइल्ड एक्झेक करेपर्यंत जी मधली जागा मिळते ना, तिथे सगळं जोडकाम करायचं. पॅरेंटच्या तक्त्याला धक्का लागत नाही, म्हणून कमांड संपल्यावर तुमचा शेल परत टर्मिनलवर बोलू शकतो.

आता साधं रिडायरेक्शन. डब्ल्यूसीसाठी चाइल्डमध्ये आलो की ओपनने मोजणी.टीएक्सटी उघडा, फ्लॅग तीन द्यायचे, ओ_राइटओन्ली, ओ_क्रिएट आणि ओ_ट्रंक, तिन्ही एका उभ्या दांड्याने म्हणजे बिटवाइज ऑरने जोडून. क्रिएटच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर कंपायलर ओरडतो आणि माणूस हेडर फाइल शोधत बसतो. ओ_क्रिएट दिला की तिसरा आर्ग्युमेंट द्यायलाच लागतो, परमिशन, ०६४४, आणि त्यातलं पुढचं शून्य विसरू नका कारण ते ऑक्टल आहे, नुसतं ६४४ लिहिलंत तर भलत्याच परमिशनची फाइल बनते जी मग उघडतच नाही. तिसरा आर्ग्युमेंट दिलाच नाही तर कंपाइल होतं पण परमिशनच्या जागी कचरा येतो, हा प्रकार तर अजून वाईट कारण कधी चालतं कधी नाही.

ओपनने समजा ३ नंबर दिला. आता डुप२(३, १) करा. याचा अर्थ ३ च्या मागे जे आहे तेच १ च्या मागे पण लाव, १ च्या मागे आधी काही उघडं असेल तर ते बंद करून. क्रम उलटा होतो पुष्कळ जणांचा, तर असं पाठ करा की पहिला आपल्याकडे असलेला, दुसरा आपल्याला हवा असलेला. त्यानंतर क्लोज(३), कारण १ वर कॉपी झाली, आता ३ चं काही काम नाही. मग एक्झेकव्हीपी, ज्याला कमांडचं नाव आणि आर्ग्युमेंटची ॲरे द्यायची, ॲरेच्या शेवटी नल असलाच पाहिजे. ही व्हीपीवाली जात घ्या म्हणजे पाथमध्ये शोधायचं काम ती स्वतः करते. < साठी सगळं हेच, फक्त ओ_रीडओन्ली आणि डुप२ मध्ये १ च्या जागी ०. >> साठी ओ_ट्रंक काढून ओ_अपेंड.

ओपन फेल झालं तर? तर कमांड चालवायचीच नाही, पीएररने मेसेज द्या आणि चाइल्डला १ स्टेटसने संपवा. मुलं इथे मेसेज छापून तसंच पुढे एक्झेक करतात, मग नसलेल्या फाइलऐवजी सॉर्ट कीबोर्डची वाट बघत बसतो आणि परत तोच "हँग झालं" चा घोळ.

एक गोष्ट यातनं आपोआप समजते. सॉर्ट नावं.टीएक्सटी > नावं.टीएक्सटी असं कुणी केलं की फाइल रिकामी का होते? कारण ओ_ट्रंकने फाइल कापली गेली फोर्क आणि एक्झेकच्या मधल्या जागेत, सॉर्ट तर अजून जन्माला पण आला नव्हता. हे मी कमांड लाइनवर कितीतरी वर्षं "करू नये" म्हणून पाळत होतो, स्वतः कोड लिहिल्यावर कळलं का करू नये.

२>&१ पण याच मापाने समजतं. त्याचा अर्थ डुप२(१, २), बस. आत्ता १ जिथे बघतोय तिथे २ ला पण बघायला लाव. "आत्ता" हा शब्द महत्त्वाचा. शेल डावीकडनं उजवीकडे एकेक रिडायरेक्शन लावत जातो, त्यामुळे > लॉग.टीएक्सटी २>&१ मध्ये आधी १ फाइलकडे गेला मग २ त्याच्यामागे गेला, दोन्ही फाइलमध्ये. उलट लिहिलं, २>&१ > लॉग.टीएक्सटी, तर २ आधी टर्मिनलकडे बघायला लागला (कारण १ तेव्हा टर्मिनलवरच होता) आणि मग १ एकटाच फाइलकडे निघून गेला. म्हणून तुमच्या प्रोग्राममध्ये इनपुटची फाइल, आउटपुटची फाइल असे दोन कप्पे ठेवण्यापेक्षा रिडायरेक्शनची यादी ठेवा, जशी टाइप केली त्याच क्रमाने, आणि चाइल्डमध्ये त्याच क्रमाने लावा.

इथे कुणी म्हणेल की डुप२ कशाला, तीच फाइल दोनदा ओपन करून एक १ वर आणि एक २ वर लावली तर काय बिघडलं? बिघडतं. प्रत्येक ओपन कर्नलमध्ये वेगळी नोंद करतं आणि फाइलमध्ये कुठपर्यंत लिहून झालं ती जागा त्या नोंदीत असते, तर दोन ओपन म्हणजे दोन वेगळ्या जागा, दोन्ही शून्यापासून सुरू, आणि एरर आणि आउटपुट एकमेकांच्या अंगावर लिहून फाइलची वाट लावतात. डुप२ ने केलेल्या कॉपीत नोंद एकच, जागा पण एकच, म्हणून एकाच्या मागे एक नीट लिहिलं जातं.

आता पाइप. पाइपची कल्पना डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्येच बेल लॅब्जमध्ये टिपण लिहून मांडली होती, प्रोग्राम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत म्हणून, आणि युनिक्समध्ये केन थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये प्रत्यक्षात आणली. नळीची उपमा मला फार आवडते कारण पुढचे सगळे घोळ तिनेच समजतात.

पाइप कॉलला दोन इंटची ॲरे द्यायची, समजा तिचं नाव टोक. कॉल झाला की टोक[०] वाचायचं आणि टोक[१] लिहायचं. ० म्हणजे वाचणं, १ म्हणजे लिहिणं, स्टँडर्ड इनपुट आउटपुटचेच नंबर, त्यामुळे पाठांतर करायची गरज नाही. मधली नळी कर्नलमधला बफर आहे, लिनक्सवर साधारण ६४ केबी. भरला की लिहिणारा थांबतो, रिकामा झाला की वाचणारा थांबतो.

आणि वाचणाऱ्याला "संपलं" हे कधी कळतं? जेव्हा लिहायचं टोक कुणाच्याच हातात उरत नाही तेव्हा. हे वाक्य दोनदा वाचा. सॉर्टने काम संपवलं, सॉर्ट मेला, एवढं पुरेसं नाही. वाड्यात नळीचं वरचं टोक चार जणांनी धरलेलं असेल तर त्यातला एकाने सोडलं म्हणून खाली बादली लावून बसलेला उठेल का? बाकीच्या तिघांच्या हातात टोक आहे म्हणजे पाणी येऊ शकतं, तो बसूनच राहणार. कर्नल तेच करतो. पाइप पॅरेंटने केला, मग फोर्क केला तर नक्कल तक्त्यासकट होते म्हणजे टोक[१] आता पॅरेंटकडे आहे, पहिल्या चाइल्डकडे आहे, दुसऱ्या चाइल्डकडे पण आहे. पहिल्याने डुप२(टोक[१], १) केलं तर त्याच्याकडे त्याच टोकाचे दोन नंबर झाले. हे सगळे एक सोडून बंद झाले पाहिजेत, आणि तो उरलेला एक सॉर्ट संपल्यावर आपोआप बंद होतो. माझ्या प्रोग्रामात पॅरेंटने टोक[१] धरून ठेवलं होतं आणि वेटपिडमध्ये चाइल्डची वाट बघत होता, चाइल्ड त्या पाइपच्या शेवटाची वाट बघत होता, दोघं एकमेकांसाठी ताटकळत.

कधीकधी तर वाचणारा स्वतःच स्वतःला अडकवतो. युनिकवाल्या चाइल्डने डुप२(टोक[०], ०) केलं पण टोक[१] बंद केलं नाही, तर लिहायचं टोक त्याच्याच हातात आहे आणि तो स्वतःच्याच लिहिण्याची वाट बघतोय.

उलट बाजू पण आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. वाचायचं टोक कुणाकडेच उरलं नाही आणि कुणी लिहायला गेलं तर कर्नल त्याला सिगपाइप सिग्नल पाठवतो, नंबर १३, आणि साधारण प्रोग्राम त्याने मरतो. हे चांगलंच आहे, येस | हेड -१ संपतं ते याच्यामुळेच, नाहीतर येस बिचारा अनंतकाळ वाय छापत बसला असता. पण लिहिणाऱ्या चाइल्डने टोक[०] बंद नाही केलं तर हेड मेल्यावर पण एक वाचणारा शिल्लक आहे असं कर्नलला दिसतं, तो म्हणजे येस स्वतः! बफर भरतो, येस थांबतो, तो कायमचा. साध्या टेस्टमध्ये ही चूक दिसत पण नाही कारण सॉर्ट, युनिक, डब्ल्यूसी सगळे शेवटपर्यंत वाचतात, म्हणून येस | हेड -१ ही टेस्ट केल्याशिवाय प्रोग्राम सबमिट करू नका.

तीन, चार, दहा कमांड असतील तर काय. बरेच जण आधीच सगळे पाइप बनवून मोठी ॲरे भरतात आणि मग प्रत्येक चाइल्डमध्ये सगळ्या टोकांवर लूप फिरवून क्लोज करतात. चालतं ते, पण एखादं निसटतंच. मी असं करतो की एका वेळी एकच पाइप बनवायचा आणि "मागचं" नावाचं एक व्हेरिएबल ठेवायचं, सुरुवातीला -१. लूपमध्ये प्रत्येक कमांडसाठी, ती शेवटची नसेल तर नवीन पाइप करा, मग फोर्क. चाइल्डमध्ये मागचं -१ नसेल तर डुप२(मागचं, ०) आणि क्लोज(मागचं). शेवटची कमांड नसेल तर क्लोज(टोक[०]), डुप२(टोक[१], १), क्लोज(टोक[१]). मग रिडायरेक्शनची यादी लावा, मग एक्झेक. पॅरेंटमध्ये मागचं -१ नसेल तर क्लोज(मागचं), आणि शेवटची नसेल तर लगेच क्लोज(टोक[१]) आणि मागचं = टोक[०]. एवढंच, पुढची फेरी. याची गंमत अशी की पुढचा फोर्क होतो तेव्हा आधीच्या पाइपचं लिहायचं टोक पॅरेंटकडे नसतंच, त्यामुळे पुढच्या चाइल्डकडे ते जाण्याचा प्रश्नच नाही. निसटायला काही ठेवलंच नाही.

पाइप आधी आणि रिडायरेक्शन नंतर हा क्रम पण मुद्दाम आहे. कुणी सॉर्ट > अ.टीएक्सटी | युनिक असं लिहिलं तर आउटपुट फाइलमध्ये जायला पाहिजे आणि युनिकला रिकामं इनपुट मिळायला पाहिजे, शेल तसंच करतो. रिडायरेक्शन नंतर लावलं की ते पाइपवर मात करतं आणि डुप२ जुनं टोक आपोआप बंद करतं.

वेटपिड लूपच्या आत घालू नका, प्लीज. आधी सगळ्या कमांड सुरू करा, पिड ॲरेत ठेवा, मग सगळ्यांसाठी वेट. पहिली संपेपर्यंत थांबून मग दुसरी सुरू केली तर छोट्या फाइलवर सगळं छान चालतं, आणि ज्या दिवशी आउटपुट ६४ केबीच्या वर गेलं त्या दिवशी पहिली कमांड भरलेल्या बफरवर थांबते आणि तिला रिकामं करणारी दुसरी अजून सुरूच झालेली नसते. पूर्ण पाइपलाइनचं स्टेटस म्हणून शेवटच्या कमांडचं स्टेटस घ्या, बॅश पण पाइपफेल ऑप्शन लावलं नसेल तर तेच घेतो. चाइल्ड सिग्नलने मेला असेल तर १२८ अधिक सिग्नलचा नंबर, म्हणून सिगपाइपने मेलेल्याचं स्टेटस १४१ दिसतं.

एक्झेक फेल झालं तर खालच्या ओळीवर येतो, तिथे पीएरर करून अंडरस्कोअरवाली एक्झिट वापरा, कमांड सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता येत नाही तर १२६. साधी एक्झिट वापरली तर प्रिंटएफच्या बफरमध्ये पॅरेंटने न छापलेला मजकूर असेल तो चाइल्डकडे कॉपी झालेला असतो आणि चाइल्ड जाताना तो छापून जातो, मग पॅरेंट परत छापतो. टर्मिनलवर प्रत्येक ओळ लगेच बाहेर पडते म्हणून दिसत नाही, पण प्रोग्रामचं आउटपुट फाइलमध्ये घेतलं की ओळी डबल डबल. यावर फोर्कच्या आधी एफफ्लश(नल) करायची सवय लावून घ्या.

सीडी मात्र या कशातच बसत नाही. चाइल्डमध्ये सीडी केलं तर चाइल्डचं फोल्डर बदलतं आणि तो मरतो, तुमचा शेल तिथंच. म्हणून सीडी, एक्झिट असल्या गोष्टी फोर्क न करता पॅरेंटमध्येच करायच्या. आणि अशा बिल्टइनला > लावलं असेल तर आधी डुप(१) करून जुना १ बाजूला जपून ठेवा, काम झालं की डुप२ ने परत आणा आणि जपलेला क्लोज करा. हा जपलेला नंबर पण पुढच्या फोर्कमध्ये चाइल्डकडे जाऊ शकतो, म्हणून त्यावर क्लोज-ऑन-एक्झेकचा फ्लॅग लावा, म्हणजे एक्झेक होताना कर्नल स्वतःच तो बंद करतो. डुप२ ने बनलेल्या कॉपीवर हा फ्लॅग येत नाही, ते आपल्या सोयीचंच आहे, कारण ० आणि १ पुढे जायलाच हवेत. फक्त डुप२ ला दोन्ही नंबर सारखेच दिले तर तो काहीच करत नाही, फ्लॅग पण तसाच राहतो, आणि लगेच खाली तुम्ही क्लोज लिहिलेलं असेल तर हवा असलेलाच नंबर बंद होतो. ओपनने कधी सरळ १ च नंबर दिला, म्हणजे कुणी १ बंद करून तुमचा शेल चालवला, तर हे घडतं. दोन नंबर वेगळे असतील तरच डुप२ आणि क्लोज करायचं असं एक छोटं फंक्शन लिहून सगळीकडे तेच वापरा.

अडकलं तर अंदाजाने ओळी हलवू नका. दुसरी टर्मिनल उघडा, अडकलेल्या प्रोसेसचा पिड काढा आणि लिनक्सवर /प्रॉक मधल्या त्या पिडच्या फोल्डरात एफडी नावाचं फोल्डर एलएस -एलने बघा. प्रत्येक उघडा नंबर आणि त्यामागे काय आहे ते दिसतं, पाइप असेल तर कंसात त्याचा नंबर पण. तोच पाइप नंबर कुणाकुणाकडे आहे ते बघितलं की टोक कुणी धरून ठेवलंय ते लगेच कळतं. मॅकवर /प्रॉक नाही, तिथे एलएसओएफ -पी वापरा. आणि क्रम बघायचा असेल तर एसट्रेस -एफ, चाइल्डसकट प्रत्येक पाइप, डुप२, क्लोज ओळीने दिसतात.

सगळं झालं की तुमच्या शेलमध्ये ही कमांड चालवा, आणि त्याच टर्मिनलवर बॅशमध्ये पण चालवून दोन्ही आउटपुट शेजारी ठेवा:

एको हाय | एलएस -एल /प्रॉक/सेल्फ/एफडी | कॅट

मधल्या एलएसला स्वतःचा तक्ता छापायला लावलाय आपण. ० समोर एक पाइप, १ समोर दुसरा पाइप, दोन्हींचे कंसातले नंबर वेगळे, २ समोर टर्मिनल, आणि ३ समोर ते एफडीचं फोल्डर, जे एलएसने स्वतः वाचायला उघडलंय. बॅशमध्ये नसलेला एखादा पाइप तुमच्याकडे ३ किंवा ४ वर दिसला तर त्याचा कंसातला नंबर ० आणि १ च्या नंबरांशी जुळवून बघा. ० शी जुळला तर मागचं बंद करायचं राहिलंय, १ शी जुळला तर टोक[०] नाहीतर टोक[१].